प्रार्थनेला नको, कूस बदलायला या

कमरेखालचं अंग गेलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. त्याला स्वतःला ती बदलता येत नाही, आणि बदलायला हवी हे कळतही नाही, कारण तिथं दुखतच नाही. तुम्ही-आम्ही झोपेतसुद्धा वळतो. तो वळत नाही. हाडाखालची कातडी आधी लाल होते, मग काळी पडते, मग तिथं खड्डा पडतो आणि त्या खड्ड्यातून माणूस हळूहळू मरतो. आम्ही नर्सेस त्याला बेडसोर म्हणतो. तो होऊ न देणं, हेच काम मी आयुष्यभर केलं. लघवीची नळी, पोट साफ करणं, चादरीवर सुरकुती राहू न देणं हे सगळं त्यातच आलं. चांगलं केलं, असं मी स्वतःच म्हणते, कारण दुसरं कोणी म्हणणार नाही. चांगल्या कामाचा पुरावा म्हणजे धड कातडी, आणि धड कातडीकडे कोण बघतं?

संपादक म्हणाले, "नाताळचा अंक आहे, सिस्टर. आशादायी लिहा." लिहिते. पण राग बाजूला काढून लिहा म्हणाल तर माझ्याच्यानं होणार नाही.

माझं नाव मार्था. माहेर देवणीकडचं. लातूरच्या बाहेर एक जुना मिशनचा दवाखाना होता, तिथं मी नोकरीला होते. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंप झाला आणि उजाडल्यापासून ट्रॅक्टर, टेम्पो, ट्रक यायला लागले. आमच्याकडं दगडी भिंती आणि वर मातीचं जाड माळवद अशी घरं. भिंत अंगावर आली की माणूस मरतो, नाहीतर त्याचं कंबरडं मोडतं. ज्यांची कंबरडी मोडली त्यांच्यासाठी आम्ही दवाखान्याची एक लांब खोली रिकामी केली. दिनाबाई तिथं आली.

औसा तालुक्यातल्या एका लहान गावची ती. गावात ख्रिस्ती घर एकच, हिचं. नवरा याकोब शाळेत शिपाई होता. नवरा आणि शाळकरी मुलगा दोघंही भिंतीखाली गेले. हिला शेजाऱ्यांनी घोंगडीत घालून रस्त्यापर्यंत आणलं. शुद्धीवर आली तेव्हा तिनं पहिल्यांदा पायांबद्दल विचारलं नाही. "सामुएल कुटंय?" असं विचारलं. मी सांगितलं. तिनं मान वळवली ती दोन दिवस आमच्याकडं केलीच नाही.

त्या दिवसांत आमच्या वॉर्डात माणसांची रीघ लागली होती. कॅमेरेवाले, पुढारी, शहरांतून ब्लँकेटं घेऊन आलेल्या मंडळ्या. एका बाईंनी मला बाजूला सरकायला सांगितलं, कारण मी रुग्ण आणि फोटो यांच्या मध्ये येत होते. मी त्या वेळी रुग्णाची कूस बदलत होते. आमचे ख्रिस्ती लोकही आले, त्यांनाही मी सोडणार नाही. लांबच्या एका गावाहून आलेले एक प्रचारक दिनाबाईच्या खाटेशी उभे राहून म्हणाले, "बाई, देवाची काहीतरी योजना असते." दिनाबाईनं उशाचा स्टीलचा पेला उचलला आणि फेकला. तो त्यांच्या खांद्याला लागला. मी पेला उचलायला वाकले, ते हसू लपवायला.

तिला शांत करायला ते गृहस्थ पुढं बोलले, ते आणखी वाईट. तुमच्या माणसांना ख्रिस्ती पद्धतीनं माती मिळाली नाही, सगळ्या गावासोबत एकाच चितेवर गेले, याचं दुःख आहे, म्हणाले.

"त्याचं दुःख न्हाई मला," दिनाबाई म्हणाली. "माझा माणूस त्या गावाचाच होता. गावासंगं जळाला. देवाला त्यो सापडत नसंल तर देव कशाला म्हणायचं? तुमी जावा आता."

ते गेले. मी तिची कूस बदलली. भिंतीकडं तोंड झाल्यावर ती म्हणाली, "सिस्टर, पेला द्या परत. लागंल."

पुढच्या वर्षभरात वॉर्डातली माणसं एकेक करून घरी गेली. घरी म्हणजे माळावर आखलेल्या नव्या वसाहतीत. संस्थांनी चाकाच्या खुर्च्या वाटल्या होत्या. दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर त्या छान पळायच्या. वसाहतीत उंबरा उंच, दारापुढं मुरूम आणि खड्डे. खुर्च्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या, त्यांच्यावर कपडे वाळायला लागले. आम्ही नातेवाइकांना शिकवून पाठवत होतो, चित्रं काढून देत होतो. पण शेतात जाणारी सून दर दोन तासांनी घरी कशी येणार? पहिले काही महिने निरोप येत राहिले, मग बातम्या यायला लागल्या. आमच्या हाताखाली ज्यांच्या कातडीवर ओरखडा नव्हता, ती धट्टीकट्टी माणसं खड्डे पडून मेली. भूकंपात मेलेल्यांमध्ये त्यांना कोणी धरलं नाही.

दिनाबाईला न्यायला कोणी आलंच नाही. माहेरी भाऊ होता, तो एकदा आला, दारात उभा राहून रडला आणि गेला. ती राहिली. बारा खाटांच्या खोलीत एकटी बाई. पहिल्या नाताळाला मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले लोक गाणी म्हणायला आले होते, केक आणला होता. दुसऱ्या वर्षी दोघं आले. तिसऱ्या वर्षी कोणी नाही. आमच्या मंडळीत वाईट माणसं नव्हती. विसरायला वाईट असावं लागत नाही.

तिची प्रार्थना ऐकणं हा एक प्रकार होता. मी घरात शिकलेली प्रार्थना म्हणजे डोळे मिटून हळू आवाजात उपकार मानायचे. ही डोळे उघडे ठेवून छताशी भांडायची. "आज बी न्हाई आलास. ठीक हाय. उद्या बघते तुला." असं, मोठ्यानं. एकदा मी तिला म्हटलं, "दिनाबाई, देवाशी असं बोलतात का?"

"मग कुणाशी बोलू? हितं दुसरं हाय का कोण?" ती म्हणाली. "आन् येशू काय गप बसला होता व्हय खांबावर? त्यानं बी इचारलं बापाला, मला सोडलंस का म्हणून. त्याचं चालतंय, आन् माझं न्हाई?"

मी रविवारी पहिल्या बाकावर बसणारी बाई. मला हे कोणी असं सांगितलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या मनात तेव्हा एवढा राग साठला होता की मी प्रार्थना करणंच सोडून दिलं होतं. ओठ हलवायचे नुसते. त्या दिवसापासून मीही कूस बदलताना मनातल्या मनात भांडायला लागले. बरं वाटलं असं नाही. पण ज्याच्याशी भांडतोय तो तिथं आहे, एवढं कळलं.

मग लातूर बदललं. भूकंपाच्या बातम्यांत येणारं नाव निकालाच्या बातम्यांत यायला लागलं. नांदेड, परभणी, बीड, कुठून कुठून पोरं-पोरी डॉक्टर व्हायला इथं येऊ लागली. ज्याच्या घराला जास्तीची खोली होती त्यानं तिथं चार कॉट टाकल्या. आमच्या दवाखान्याच्या समितीनं एक दिवस ठरवलं की आता रुग्ण येत नाहीत, तर इमारत एका क्लासला मुलींच्या वसतिगृहासाठी द्यावी. मी समितीपुढं उभी राहून विचारलं, "आणि दिनाबाई?" एक जण म्हणाले, "त्यांचं बघू काहीतरी." बघितलं ते असं, की मागच्या व्हरांड्यातली कपड्यांची कोठी साफ करून तिची खाट तिथं टाकली. मला वसतिगृहाची मेट्रन म्हणून ठेवून घेतलं. मी नोकरी धरली ती त्या कोठीसाठी. मी गेले तर तिची कूस कोण बदलणार?

क्लासच्या मालकाला सगळे सर म्हणत. गोड बोलायचे. भिंतीवर निकालाचे फोटो, मुलींना बाहेर पडायला बंदी, घरी फोन आठवड्यातून एकदा, तोही ऑफिसातून, सरांच्या समोर. मुली सोळा-सतरा वर्षांच्या. परीक्षेनंतर मार्कांप्रमाणं त्यांची बाकं बदलायचे. मागच्या बाकावर गेलेली मुलगी जेवायला खाली यायची नाही. मी ताट घेऊन वर जायची.

शाहीन त्यांतलीच. नांदेडची, वडील शिंपी. बारीक, चष्मा लावणारी, फार बोलायची नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला तिला ताप आला आणि अंगावर कांजिण्या उठल्या. वेगळं ठेवायला हवं हे बरोबर होतं. मीच तसं सांगितलं. व्हरांड्यात कोठीला लागून एक रिकामी खोली होती, तिथं तिची सोय केली. पण दुसऱ्या दिवशी बघते तर दाराला बाहेरून कुलूप. शाहीन सकाळी फोन करायला म्हणून ऑफिसपर्यंत गेली होती. नव्या प्रवेशाचे दिवस होते, पालक येऊन इमारत बघत होते, त्यांना फोड आलेली मुलगी दिसली.

मी सरांना विचारलं, "घरी कळवलंय का?"

"कळवू ना, सिस्टर. आत्ता कळवलं तर ते येऊन घेऊन जातील. सगळीकडं बोभाटा. आठ-दहा दिवसांत बरी होते ती. तुम्ही नर्स आहात, तुम्हाला मी काय सांगू?"

"मग कुलूप काढा."

"जेवण द्यायला तुम्हाला किल्ली मिळेल," ते हसून म्हणाले. "आणि सिस्टर, मागच्या त्या बाईंना आम्ही ठेवून घेतलंय. समितीनं सांगितलं म्हणून नाही, तुमच्याकडं बघून."

मला कळलं काय म्हणायचंय ते. मी किल्ली घेतली, आणि जेवण झालं की परत न्यायला शिपाई दारात उभा राहायचा.

दोन्ही खोल्यांच्या खिडक्या व्हरांड्याकडं, एकमेकींपासून हाताच्या अंतरावर. दिनाबाईला लहानपणीच कांजिण्या येऊन गेल्या होत्या, तेव्हा तिची काळजी नव्हती. मी व्हरांड्यात चादरींच्या घड्या करत असताना त्यांचं बोलणं ऐकू यायचं. पहिल्या दिवशी नुसतं रडणं होतं. मग दिनाबाईचा आवाज.

"कोण हाय गं तिकडं?"

रडणं थांबलं. मग, "शाहीन."

"मी दिनाबाई. मला बी उठता येत न्हाई. रड तू, माझं काय म्हणणं न्हाई. पण रडून झालं की भांड."

"कुणाशी?"

"मी माझ्या देवाशी भांडते. तू तुझ्या अल्लाशी भांड."

"अल्लाशी भांडत नसतात, मावशी."

"बरं, मग त्या सराशी तरी भांड."

शाहीन हसली. खोकल्यासारखं, पण हसली. पुढचे दोन दिवस त्यांचं चालू राहिलं. शाहीन हाडांची नावं पाठ म्हणायची आणि दिनाबाई विचारायची, हे कुठलं, ते कुठलं. कण्याच्या मणक्यांपाशी आल्यावर म्हणाली, "हां, त्यातला खालचा माझा मोडलाय. त्याचं नाव काय म्हणालीस?" शाहीननं सांगितलं. दिनाबाईनं ते नाव दोनदा म्हणून बघितलं. इतक्या वर्षांत आम्ही कोणी तिला ते सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ताप वाढला. दुपारी मी किल्ली मागायला ऑफिसात गेले तर सर बाहेरगावी, किल्ली त्यांच्याकडं. शिपाई म्हणाला, संध्याकाळी येतील. मी व्हरांड्यात परत आले. खिडकीच्या आतून शाहीन बोलत होती, मला दिसत नव्हती. "मी मेले तरी इथं कुणाला कळणार नाही, मावशी."

"मला कळंल," दिनाबाई म्हणाली. "मी हितंच हाय. मी कुटं जाणार हाय? तू नुसती आवाज देत ऱ्हा. दर थोड्या टायमानं आवाज दे. मी वो म्हणते."

आणि ती मुलगी हाक मारत राहिली. "मावशी." "वो." थोड्या वेळानं परत, "मावशी." "वो." मी तिथं उभी होते. उपासनेत वर्षानुवर्षं बसून जे माझ्या कानावरून गेलं, ते मी त्या दिवशी ऐकलं. देव कुठं असतो असा प्रश्न मला कोणी विचारला तर मी त्या दोन खिडक्यांकडं बोट दाखवीन. पण त्या वेळी मी एवढा विचार केला नाही. मी कोठीत गेले आणि दिनाबाईला म्हटलं, "मी कुलूप तोडते. पण मग आपल्याला इथून जावं लागेल. तुमची खोली जाईल."

ती माझ्यावर भडकली. "खोलीचं मला कशाला इचारायलीस? लेकरू तिकडं तापानं फणफणायलंय. तोड आदी."

अंगणातला दगड घेऊन मी कडी उचकटली. शिपाई धावत आला, मी त्याच्याकडं बघितलं, तो तिथंच थांबला. शाहीनचं अंग पुसलं, पाणी पाजलं, आणि तिच्याकडून नांदेडच्या तिच्या घराशेजारच्या किराणा दुकानाचा नंबर घेऊन चौकातल्या बूथवरून फोन केला. रिक्षानं तिला सरकारी दवाखान्यात नेलं. छातीत कफ झाला होता. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. मला ते ऐकून आनंद झाला नाही, संताप आला. वेळ माझ्याकडं पहिल्या दिवशीही होता.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील सामान न्यायला वसतिगृहात आले. गळ्यात मोजायची टेप तशीच, दुकानातून निघालेला माणूस. सर त्यांना गैरसमज, शिस्त, मुलीचंच हित असं काय काय सांगत होते. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ताला किसने लगाया?"

मागच्या व्हरांड्यातून दिनाबाईचा आवाज आला. "त्यांनीच लावलं, भाऊ. तुमच्यासमोर हुबे हायत ते."

वडिलांनी सरांना काही केलं नाही. ते मागं गेले, कोठीच्या दारात उभे राहिले आणि दिनाबाईला सलाम केला. मग मुलीची पेटी उचलून निघून गेले. शाहीन नांदेडलाच शिकली. डॉक्टर झाली नाही. शाळेत विज्ञान शिकवते. सरांचं काही वाकडं झालं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी आणखी एक इमारत घेतली. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण अशा लेखांत शेवटी वाईट माणसाला शिक्षा होते.

आम्हाला त्याच आठवड्यात बाहेर काढलं. समितीतल्या कोणी फोनसुद्धा उचलला नाही. माझं घर दोन खोल्यांचं. मी लग्न केलं नाही, त्यामुळं विचारायचं कोणाला नव्हतं. बाहेरच्या खोलीत तिची खाट टाकली. मला एका खाजगी दवाखान्यात काम मिळालं, पण मग दिवसा दिनाबाईचं काय? जे मी वसाहतीतल्या सुनांना शिकवून पाठवत होते, ते आता मला स्वतःला जमेना. आठ दिवसांत तिच्या माकडहाडावर लाल चट्टा दिसला. माझ्या घरात. मी त्या चट्ट्याकडं बघत बसले आणि मला त्या सगळ्या सुना आठवल्या.

आमच्या चर्चचे पाळक भेटायला आले. सज्जन माणूस. जाताना म्हणाले, "आम्ही प्रार्थनेत आठवण ठेवतो."

त्या रविवारी उपासनेत सूचनांची वेळ आली तेव्हा मी उभी राहिले. आमच्याकडं बाया सूचना देत नसत. मी म्हटलं, "दिनाबाई माझ्या घरी आहे. तुमच्यातल्या पुष्कळांना ती आठवत नसेल. तिच्यासाठी मला बाया पाहिजेत. प्रार्थनेला नको, कूस बदलायला या. कसं करायचं ते मी शिकवीन. आणि येणार नसाल तर तिच्यासाठी प्रार्थना करणंही बंद करा, कारण ते मला ऐकवत नाही."

मी खाली बसले. कोणी वर बघेना. पाळकांनी पुढचं गाणं सांगितलं. घरी येऊन मी दिनाबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "लई बोललीस. आता कोण येणार हाय?"

सोमवारी दहाच्या सुमाराला पाळकांच्या पत्नी आल्या. शांत बाई, मंडळीत कधी आवाज ऐकला नव्हता. पदर खोचला आणि म्हणाल्या, "दाखवा." मी दाखवलं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आपल्याकडं ओढायचं, दोन पायांच्या मध्ये उशी. पहिल्यांदा त्यांना जमलं नाही, दिनाबाई त्यांच्यावर खेकसली. दुसऱ्यांदा जमलं. पुढं आणखी काही जणी आल्या. सगळ्या नाही. काही आल्या आणि वासानं परत गेल्या. शेजारची सविता, बौद्ध, जिल्हा परिषदेत कामाला, ती दुपारच्या सुट्टीत स्कूटीवरून यायची आणि डबा दिनाबाईसोबत खायची. चट्टा गेला. बऱ्याच वर्षांत तिच्या अंगावर दुसरा आला नाही.

दिनाबाई आता नाही. थंडीत लघवीचा जंतुसंसर्ग झाला आणि तो मूत्रपिंडापर्यंत गेला; कंबर मोडलेली माणसं शेवटी बहुतेक यानंच जातात. तिच्या जाण्याचं मी लिहिणार नाही. त्याआधीच्या वसंतातला पुनरुत्थानाचा सण, ईस्टर, सांगते आणि थांबते.

तिला देवळात यायचं होतं. पायऱ्या होत्या म्हणून इतकी वर्षं जमलं नव्हतं. त्या दिवशी बायांनीच खुर्ची उचलली, सविताही होती. मधल्या वाटेत, पुढच्या बाकाला लावून खुर्ची ठेवली. पाळक नवे आले होते, तरुण. त्यांनी सवयीनं दोन्ही हात वर करून म्हटलं, "सर्व मंडळी उभी राहील." आणि म्हणता म्हणता त्यांची नजर खुर्चीकडं गेली. ते गोंधळले. सगळे अर्धवट उठलेले, अर्धवट बसलेले. पाळक म्हणाले, "म्हणजे... ज्यांना शक्य आहे त्यांनी."

"तुमी व्हा हुबं, पाळकसायब," दिनाबाई म्हणाली. आवाज तोच, छताशी भांडायचा. "मला उठवीन म्हणालाय येशू, ते मला ठावं हाय. मी मागनं उठते."